कातरीनच्या चुलीचे दगड

मांडवेळच्या सायबिणीच्या, म्हणजे मरियामातेच्या, देवळात शिरलं की डाव्या हाताला बाप्तिस्म्याची कुंडी आहे. तिच्या मागची भिंत पांढरी स्वच्छ, पण मध्येच तीन दगड काळे दिसतात. सणाला आलेले पाहुणे विचारतात, एवढ्यालाच चुना कमी पडला का? मग देवळाची राखण करणारे आमचे इनासबाबा त्यांना बाहेर पायरीवर घेऊन येतात. ही गोष्ट ते देवळाच्या आत सांगत नाहीत.

देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा इथे नुसती झापांची खोपटं होती म्हणे. पाद्री होडीने कधीमधी यायचे. गावाने ठरवलं, प्रत्येक घराने भिंतीला दगड द्यायचा. ज्याचा दगड भिंतीत, त्याचं लेकरू कुंडीवर.

किनाऱ्याला कातरीन नावाची बाई एकटी राहायची. तिचा नवरा दर्यात गेला तो आलाच नाही, आणि लेकरू झालं ते त्यानंतर बऱ्याच काळाने. गावाने बोटांवर महिने मोजले. मासळी सुकवताना बायका तिच्या शेजारी बसेनात. त्यात लेकरू अशक्त, दूधही धड ओढत नव्हतं. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच ते गेलं तर, ही एकच भीती तिला खायची. तिच्याकडे दगड होते ते चुलीचे तीन. तेच डोक्यावर घेऊन ती आली.

पासकोल पाटील सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गं बाय, दर्याने पोर धाडलं, दगड नाय धाडले?"

ती म्हणाली, "काळे हायत, पर घट्ट हायत. घ्या, नि माझ्या लेकराला पाणी द्या."

भिंतीला दगड कमीच पडत होते. पाटलाने ते ठेवून घेतले.

पहिल्या बाप्तिस्म्याला कातरीनही लेकरू घेऊन उभी राहिली. धर्मआई-धर्मबाप लागतातच, म्हणून पाद्रीबाबांनी विचारलं, "ह्या लेकरासाठी कोण उभं राहतं?" असे सांगतात की सगळं गाव देवळात होतं आणि सगळ्या गावाने माना खाली घातल्या. पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं. कोणी अंगठ्याने जमीन उकरली, कोणी आपलंच पोर थोपटत बसलं. कोणालातरी घेऊन ये बाई, मी थांबतो, असं ते तिला म्हणाले.

कातरीनने भिंतीकडे बघितलं. "कुणाच्या दारात जाऊ? माझी चूल पण तुमच्या भिंतीत हाय."

ओहोटीच्या वाळूवरून ती लेकरू घेऊन निघून गेली. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. लेकरू जगलं की नाही, ते कोणालाच ठाऊक नाही.

पावसाळ्याआधी भिंतीला शिंपल्यांचा चुना दिला. सगळी भिंत पांढरी झाली, ते तीन दगड मात्र सकाळी पुन्हा काळे. खरवडून परत चुना दिला, परत काळे. शेवटी पाटलाच्याच बायकोने चुन्याची बादली उचलून बाहेर नेली म्हणे. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. "दिसू दे आपलं आपल्याला."

आजही मांडवेळला बाप्तिस्मा असला की त्या घरी चूल पेटत नाही, लेकराच्या आईला गाव जेवण आणून देतं. कुंडीपाशी फादर विचारतात, ह्या लेकरासाठी कोण उभं राहतं? आणि सगळं देऊळ उठून म्हणतं, "आम्ही." पाहुण्यांना वाटतं, काय छान रीत आहे. पण नीट बघितलं तर ते म्हणताना कोणीच मान वर करत नाही. माझ्या लेकीच्या वेळी तिला छातीशी धरून मीही समोरच उभी होते. त्या दगडांकडे बघायचं धाडस मला झालं नाही.