शेवाळातली निळू परी

जंगल संपतं तिथे चंदरीचं एवढंसं भाताचं खाचर होतं. बाकीची खाचरं हिरवीगार, हिचं मात्र पिवळंफटक. भात पिकला नाही तर दिवाळीनंतर आईला वीटभट्टीवर जावं लागणार होतं, आणि भट्टीवर गेलेले बाबा अजून परतले नव्हते. बिचारी चंदरी काय करणार? खाचर अंगणासारखं स्वच्छ हवं असं समजून ती रोज पाण्यावरचं हिरवं-निळं शेवाळ सुपाने काढी आणि बांधावर फेकी. पाणी लख्ख होई. भात आणखीच पिवळा पडे.

एके सकाळी फेकलेल्या शेवाळातून बारीक हुंदका आला. पाहते तर इवलीशी परी. मण्यांच्या माळांसारखे निळे केस, मोरपंखी पंख, पण उन्हाने सुकत चाललेले. चंदरीने तिला ओंजळीतून अलगद पाण्यात सोडलं.

"मी निळू. एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण नियम ऐक. जे मागशील, ते माझ्या माणसांच्या जिवातून येईल."

"तुझी मानसं कुठं हायेत?"

"तू रोज फेकतेस ती."

चंदरीने बांधावर सुकलेल्या शेवाळाकडे पाहिलं. एका शब्दात खाचर सोन्यासारखं पिकलं असतं, आई घरी राहिली असती. ती बांधावर बसून पोटभर रडली. मग म्हणाली, "तसा भात नको मला. फेकलेली समदी जित्ती होऊ देत."

"मग ते माझ्या जिवातून," निळू हसली. तिचे पंख फिके झाले, आणि पाण्यावर चमचमतं शेवाळ पसरलं. "आम्ही हवेतलं खत धरतो, मरताना मुळांना देतो. आता आम्हाला काढू नकोस."

"पोरीनं खाचराचं डबकं केलं," शेजारची बायजाकाकी म्हणाली. आई खाचराकडे एकदा बघून घरात वळली, ते चंदरीला जास्त लागलं. आपलं चुकलंच, असं वाटून ती रोज रडे. पण हळूहळू एकेक पान हिरवं झालं, लोंब्या आल्या.

मग पाणी आटलं.

"इहिरीचं पानी आनू?"

"नको गं. आता मुळांना द्यायची माझी पाळी." निळू उजेडाचा थेंब झाली. निळा, हिरवा, मग सोनेरी. आणि मातीत मुरली.

दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम दारात आला. भात पाखडता पाखडता आई म्हणाली, "यंदा न्हाई येत. घरात खायाला हाय."

चंदरी धावत खाचराकडे गेली. सुकल्या मातीवर शेवाळाचे निळसर पापुद्रे पडले होते. त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून ती बांधावरूनच फिरली.