येसाजीचं विमान आणि पिराजीचे फ्यूज

कडुबाई घसा फोडून सांगत होती, की पिराजी भावजींना विमानाला हात लावू देऊ नका. पण बाईमाणसाचं खरं कोण मानतं? उलट नवराच म्हणाला, "तुला माझ्या भावाचं बरं बघवत नाही."

तर त्या गावात हा एक भोळा पिराजी होता. पंपांच्या मोटारींचा वायरमन. मनानं गाईसारखा. सांगितलेली गोष्ट तो पदराला गाठ मारावी तशी जपून ठेवायचा, पण ती गाठ सोडायची कुठं, एवढं मात्र त्याला कळत नसे.

त्याचा थोरला भाऊ येसाजी, म्हणजे कडुबाईचा नवरा, वेल्डर. तीन वर्षं खपून त्यानं पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसं बसतील एवढं विमान बांधलं. पंख झाले, इंजिन बसलं, राहिली वायरिंग. कडुबाईला एवढंच कळत होतं, की ह्यात आपलं माणूस बसणार, आणि वायर पेटली तर आभाळात ना विहीर, ना बादली.

येसाजीनं काचेचे छोटे फ्यूज आणले. "पिऱ्या, नीट ऐक. करंट जास्त झाला की वायर जळायच्या आधी फ्यूज जळला पाहिजे. म्हणजे वायर वाचते."

"बरं दादा."

सकाळी कडुबाई चुलीपाशी गेली, तर पिराजी चिमट्यात धरून फ्यूज भाजतोय. वांगी भाजावीत तसे.

"अहो भावजी, हे काय?"

"वायरच्या आधी जाळून घेतो, वहिनी. दोनच राहिलेत."

येसाजीनं कपाळ बडवलं. "अरे, ते जपायचे असतात!"

"असं होय," म्हणत पिराजीनं नवी गाठ मारली.

नवे फ्यूज आले. ते त्यानं फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवले, आणि त्यांच्या जागी जाड तांब्याची तार पिळून घातली. गावातले सगळे पंप असेच तर चालतात! येसाजीनं विमान शेडमध्येच ठेवून दिव्याचं बटण दाबलं. दिवा पेटला नाही, सीट पेटली. येसाजी पँट झटकत बाहेर पडला.

"फ्यूज जळले का रे?"

"एकसुद्धा नाही, दादा! ट्रंकेत आहेत."

कडुबाईनं लाटण्यानं बॅटरीची वायर उडवली, तेव्हा धूर थांबला. मग ती पिराजीकडे वळली. "हात बांधून बघत काय बसलात? धोका दिसला की आधी लाईन तोडायची, मग तोंड उघडायचं!"

"आधी लाईन, मग तोंड," पिराजी पुटपुटला.

आता येसाजीनं सगळं स्वतः केलं. वायर जेवढा करंट सोसेल, तेवढ्याच बेताचा फ्यूज. आणि बॅटरीची सगळी लाईन तोडणारा एक मोठा खटका. इंजिनाची ठिणगीही त्याच बॅटरीवर होती. मग म्हणाला, "पिऱ्याला शेजारी बसवतो."

"त्यांना नेऊ नका हो!" कडुबाई म्हणाली.

"वायरमन सोबत असलेला बरा."

विमान माळावर धावलं. अख्खा गाव बघायला. कडुबाईनं देवाचं नाव घेत डोळे मिटले. विमान उठलं. एक माणूस उंच, दोन माणसं उंच... आणि एकदम गप्प. इंजिनच गप्प! विमान तसंच तरंगत खाली आलं आणि कडब्याच्या गंजीत नाक खुपसून बसलं.

दोघं धडधाकट बाहेर आले. येसाजी ओरडला, "काय पेटलं होतं?"

"काही नाही, दादा."

"मग खटका का पाडलास?"

"धोका दिसला ना. खाली बघितलं तर जमीनच नव्हती! आधी लाईन तोडली. आता तोंड उघडतो."

सरपंचांनी विचारलं, "असलं तुला शिकवलं तरी कुणी?"

पिराजी खोटं कधी बोलत नाही. त्यानं बोट दाखवलं. अख्खा गाव वळून बघू लागला, येसाजीसुद्धा. आजही त्या गावात विचारून बघा, विमान पाडलं कुणी? शेंबडं पोरसुद्धा सांगेल, कडुबाईनं.