तडीला न गेलेलं काम

पारधेमास्तर बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक मराठीत आणता आणता वारले. शेवटचे अध्याय भाषांतर समितीने पुरे केले आणि मास्तरांचं नाव गाळलं. त्यांच्या पत्नी एस्तेरबाई समितीकडे विचारायला गेल्या.

“बाई, तडीला न गेलेल्या कामाला काम म्हणत नाहीत,” समितीचे प्रमुख रेव्हरंड थोरात गुर्मीत म्हणाले.

“बरं. शेवटी प्रेषित पौल जहाजाने रोमला निघाला, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘प्लूस’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ काय लावलात?”

“समुद्रप्रवास! दुसरा काय लावणार?”

“पण ते जहाज तर वाटेतच फुटलं.”

“फुटलं तरी प्रवास तो प्रवासच, बाई!”

“आणि माणसं तडीला कशी लागली?”

रेव्हरंडांनी चष्मा काढून पुसला. “त्याच जहाजाच्या फळ्या धरून,” ते हळूच म्हणाले.

पुस्तकावर पहिलं नाव मास्तरांचं छापलं गेलं.