निळ्या फडक्याची मिजास

सोसायटीत पाईप लावून गाडी धुवायला नुकतीच बंदी आली होती, तेव्हाची गोष्ट. टिपणीसकाकांनी अर्धी बादली पाणी घेतलं, नंतर वरून पाणी ओतायला लागत नाही असलं गाडी धुवायचं औषध त्यात टाकलं आणि नव्या निळ्या फडक्याने गाडी पुसायला घेतली.

फडकं लगेच भाव खाऊ लागलं. बॉनेटवरची सगळी धूळ अंगावर मिरवत ते बादलीला म्हणालं, "बघितलंस, केवढी घाण काढली मी?"

"काढलीस ना? मग ये आत आणि सोड ती पाण्यात," बादली म्हणाली.

"सोडून कसं चालेल? मग मी काम केलं हे दिसणार कसं?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. बोलण्याच्या नादात फडकं बुडवायचं ते विसरले आणि तसंच दारावर फिरवू लागले. फडक्याच्या मनासारखं झालं.

"अरे बाबा, टोचतंय," गाडी कळवळली.

"घाण निघताना टोचायचंच," फडक्याने तिला सुनावलं. "कुरकुर करायची नाही."

दार वाळलं, ऊन पडलं आणि मांजराने नखं मारावीत तसे ओरखडे चमकले. काकांनी कपाळावर हात मारला आणि फडकं टायर पुसायच्या चिंध्यांत भिरकावलं.

तिथल्या काळ्याकुट्ट फडक्याने सरकून जागा दिली.

"गाडीच फार नाजूक निघाली," निळं फडकं म्हणालं.

"हो ना," काळं म्हणालं. "माझ्या वेळेलाही नाजूकच होती."