कुंपणातले मुंगूस

एकदा एक वृद्ध चित्रकार एका गावात राहत असत. देवळांतले पट रंगवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांची एकुलती शिष्या चाळिशी ओलांडलेली होती. तरी ते तिला ‘पोरी’च म्हणत आणि ती त्यांना ‘अप्पा’.

त्यांच्या विद्येचा एक नेम होता. चित्रातले डोळे सर्वांत शेवटी काढायचे. त्याला ते ‘डोळे उघडणे’ म्हणत. त्या वर्षी ग्रामदेवीचा पट पुरा होत आला, पण डोळ्यांपाशी येताच अप्पांचा हात थरथरू लागला. घटस्थापना आठवड्यावर आलेली. “हा माझा शेवटचा पट अर्धाच राहणार बहुधा,” असे ते बोलून गेले.

ते ऐकून शिष्या तडक शहरात गेली. रंगसाहित्याच्या व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहून वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुंचला काढला. “अस्सल मुंगसाचे केस. हात थरथरला तरी रेघ हलायची नाही. पावती तेवढी मागू नका, ताई.” या कुंचल्यांवर कायद्याने बंदी आहे, हे तिला चांगले ठाऊक होते. पण प्रेम आंधळे असते म्हणतात, ते गुरूवरचेही असते.

अप्पांनी कुंचला बोटावर फिरवून पाहिला. मग तो बाजूला ठेवून म्हणाले, “मागच्या अंगणात कुंपणातून मुंगूस येतं ना, त्याचं चित्र काढ. तुझ्या जुन्या कुंचल्यानं.”

शिष्या चक्रावली. सण तोंडावर आणि मुंगूस कसले काढायचे! पण गुरूचा शब्द मोडवेना. दोन दिवस ती अंगणात बसली. मुंगूस मागच्या पायांवर उभे राही आणि नव्या सुनेकडे शेजारीण पाहते तसे तिला न्याहाळी. दुसऱ्या दिवशी त्याच्या मागून दोन पिल्ले निघाली, तेव्हा ती एकटीच खुदकन हसली.

तिसऱ्या दिवशी फक्त डोळे उरले. अप्पांनी नवा कुंचला तिच्या हाती दिला. “उघड.”

तिने हात उचलला. कागदाजवळ येऊन तो थांबला. “नाही होत, अप्पा,” म्हणताना तिला रडू आले.

“वेडे, मायेनं आणलास, हे का मला कळत नाही? पण हे केस त्यानं अंग झटकून दिलेले नाहीत. त्यासाठी जीव घ्यावा लागतो. फासे लावणारा आणि चोरून विकणारा, दोघेही आपल्यासारख्या गिऱ्हाइकावर जगतात. मुंगसाला फिर्याद करता येत नाही, म्हणून कायदा त्याच्या बाजूनं उभा राहिला. आपण तरी त्याला एकटं कशाला पाडायचं?”

“मग देवीचे डोळे?”

“तू उघड. हात थरथरला की विद्या पुढच्या हाती द्यायची असते. मीच ते लांबवत होतो.”

त्याच दुपारी दोघांनी वनखात्याच्या कचेरीत जाऊन कुंचला जमा केला आणि व्यापाऱ्याचा पत्ताही सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्येने जुन्या कुंचल्याने आधी मुंगसाचे डोळे उघडले, मग देवीचे. अप्पा मागे उभे होते. त्यांनी एकही रेघ सुचवली नाही.

आपल्या माणसावर माया करायला दुसऱ्या कुणाचे डोळे मिटवावे लागत नाहीत.