बिटकूचा शंख आणि चार गाड्या

खाडीकाठी राहायचा एक खेकडा. नाव त्याचं बिटकू. तुमच्या नखाएवढा. पाठ त्याची मऊ मऊ. म्हणून तो शंखात राहायचा.

एकदा शंखात वाळू शिरली. वाळू झटकायला बिटकू बाहेर आला. शंख घसरला. गडगड गडगड गडगड. थेट रस्त्यावर गेला. दगडाला जाऊन अडला.

तेवढ्यात आल्या चार गाड्या. पों पों पों पों. मिळून सहलीला निघाल्या होत्या. खाडीपलीकडे जायचं होतं. गाड्या नेणारी होडी अजून यायची होती. म्हणून चौघी थांबल्या. एकीच्या शेपटीला दुसरीचं नाक. मुंगी शिरेल एवढीही फट नाही.

लाल गाडीचं चाक शंखाला टेकलं. पुढे दगड, मागे चाक. शंख अडकला. होडी आली, की लाल गाडी पुढे जाणार. शंख फुटणार.

वर तारेवर कावळा होता. एक डोळा मिटलेला. एक डोळा बिटकूवर.

बिटकू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु.

लाल गाडीत होते काका. त्यांनी गाडीचे दोन्ही आरसे मिटून ठेवले होते. कोणी धक्का मारला तर?

"काका, काका, मागे सरा. शंख सुटेना, मी राहू कुठं?"

काकांनी डोळे बारीक केले. "हं. जागा सोडली, की कोणीतरी घुसतं. आधी मावशीला सरू दे."

कावळा तारेवरून खांबावर आला.

तुरुतुरु तुरुतुरु. पिवळ्या गाडीत होती मावशी.

"मावशी, मावशी, मागे सर. काका सरेनात, शंख सुटेना. शंख सुटेना, मी राहू कुठं?"

मावशीने डोळे बारीक केले. "हं. जागा सोडली, की कोणीतरी घुसतं. आधी मामाला सरू दे."

कावळा खांबावरून दगडावर आला.

तुरुतुरु तुरुतुरु. निळ्या गाडीत होते मामा.

"मामा, मामा, मागे सरा. मावशी सरेना, काका सरेनात. काका सरेनात, शंख सुटेना. शंख सुटेना, मी राहू कुठं?"

मामांनी डोळे बारीक केले. बिटकूकडे पाहिलं. गाडीखाली वाकून पाहिलं. तुला पाठवलं कोणी, असंही विचारलं. मग म्हणाले, "हं. जागा सोडली, की कोणीतरी घुसतं. आधी आजोबांना सरू दे."

कावळा दगडावरून निळ्या टपावर आला. टक टक टक.

तुरुतुरु तुरुतुरु. पांढऱ्या गाडीत होते आजोबा. सगळ्यात शेवटी. त्यांच्या मागे रस्ता मोकळा.

"आजोबा, आजोबा, मागे सरा. मामा सरेनात, मावशी सरेना. मावशी सरेना, काका सरेनात. काका सरेनात, शंख सुटेना. शंख सुटेना, मी राहू कुठं?"

आजोबांनी डोळे बारीक केले नाहीत. आजोबांनी खाली पाहिलं.

"मागच्या सहलीला मी जरा मागे राहिलो," आजोबा हळूच म्हणाले. "हे सगळे निघून गेले. माझं वळण चुकलं. आता मी चिकटूनच राहणार. आधी काकाला आरशात बघू दे, मी मागे आहे का ते."

भोंऽऽऽ. होडी दिसू लागली.

बिटकू पळाला. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. कावळाही आला. पिवळ्या टपावर, मग लाल टपावर.

"काका, काका, आरशात बघा. तुम्ही बघेनात, आजोबा सरेनात. आजोबा सरेनात, मामा सरेनात. मामा सरेनात, मावशी सरेना. मावशी सरेना, तुम्ही सरेनात. तुम्ही सरेनात, शंख सुटेना. शंख सुटेना, मी राहू कुठं?"

काकांनी आरशाकडे पाहिलं. आरसा तर मिटलेला.

काकांनी आरसा उघडला. खट्ट.

कावळा दचकला. काव काव काव. उडाला तो खाडीपार.

काकांनी आरशात पाहिलं. मागे, अगदी मागे, एक पांढरी गाडी. खिडकीतून वाकलेलं एक पांढरं डोकं. काकांना मागची सहल आठवली.

काकांनी हात बाहेर काढला. हलवला. मोठ्याने म्हणाले, "आजोबा, तुम्ही दिसलात तरच मी पुढे जाईन. नाही दिसलात, तर थांबेन."

मग काय झालं?

काकांनी बघितलं, आजोबा सरले. घुर्र.
आजोबा सरले, मामा सरले. घुर्र.
मामा सरले, मावशी सरली. घुर्र.
मावशी सरली, काका सरले. घुर्र.
काका सरले, शंख सुटला. टुण्ण.

बिटकू शंखात शिरला. सर्रकन.

आता दोन दोन गाड्यांमध्ये जागाच जागा. चौघांनी डोळे बारीक केले. कोण घुसतं बघू.

आणि खरंच कोणीतरी घुसलं.

काका आणि मावशीच्या मधून, रस्ता ओलांडत, एक शंख चालला होता. तुरुतुरु तुरुतुरु.

मावशी हसली. "जा बाबा, सावकाश जा."

शंख पलीकडे गेला, मगच गाड्या निघाल्या. लाल, मग जागा. पिवळी, मग जागा. निळी, मग जागा. आणि पांढरी.

बिटकूने शंखातून डोकं काढलं. आजोबा आहेत ना मागे?

लाल गाडीच्या आरशात आजोबा होते.

बिटकूने डोकं आत घेतलं. शंख झाला बंद. गोष्टही आत निजली.