शिसवीची पानं

त्यांना ठाऊक होतं. आता कुणी मान खाली घालून, आम्हाला काय माहीत, आम्हाला वाटलं साधं झाड आहे, असं म्हणू नये. झाडाखाली काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी तोडा म्हटलं त्यांना, ज्यांनी दोर धरले त्यांना, आणि जे दारं लावून घरात बसले त्यांनाही. म्हणून ही गोष्ट सांगताना आवाज खाली आणायचा नाही, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

तर ऐका. घाटाखालचे डोंगर अजून उघडे पडले नव्हते तेव्हाची, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हरणखोल नावाच्या गावात देवराई होती आणि राईत झऱ्याच्या काठाला एक शिसव होती. गावातलं एखादं मूल दात येण्याआधीच गेलं तर त्याला जाळत नसत. त्या शिसवीच्या मुळाशी पुरत आणि वर नदीतला एक गोटा ठेवत. मग आईने खोडाला पाठ टेकून थोडा वेळ बसायचं आणि घरी यायचं. एवढीच रीत. किती आया तिथे बसून गेल्या याची मोजदाद कुणी ठेवली नाही.

त्या गावात आवडाई नावाची सुतारीण होती. तिचा बाप करवत्या होता. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खड्ड्यात, आणि लांब करवत ओढायची, हे त्याचं काम. खालच्याच्या डोळ्यातोंडात भुसा जातो, म्हणून खाली त्याने मुलीला उभं केलं. भुसा खात खातच ती लाकूड शिकली. असं म्हणतात, की खोडाला गाल लावला की आतला रंग तिला कळायचा. फणस आतून हळदीसारखा, साग मधासारखा, बिवळा कापला की रगत गाळणारा. आणि शिसव पिकल्या जांभळासारखी, तिच्यात काळ्या नि तांबूस रेघा, पाण्यावरून वारा जावा तशा वळत गेलेल्या.

लाकडाचे पातळ पापुद्रे ती काढायची, आज दुकानात त्याला व्हिनियर म्हणतात. ती त्यांना पानं म्हणायची. असं म्हणतात, की तिचं पान उन्हात धरलं तर पलीकडची बोटं दिसत. लागोपाठची दोन पानं पुस्तकासारखी उघडून ती शेजारी शेजारी लावायची. मग एका पानातली रेघ दुसऱ्या पानात उलटी उमटायची आणि मधल्या सांध्यावर पाखरू, फूल, काहीबाही तयार व्हायचं.

तिचं एकुलतं एक मूलही शिसवीखाली होतं. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं.

गावच्या खोताच्या मुलाचं लग्न एका मोठ्या घराण्यात ठरलं. खोताचा दिवाणखाना मातीच्या भिंतींचा. मातीच्या घरात सून आणायची लाज वाटली, पण घर बांधायची अक्कल नव्हती. त्याने ठरवलं, भिंती असू देत मातीच्या, वरून शिसव दिसली पाहिजे. तीही एकाच झाडाची, चारी भिंतींवर कुठे रेघ तुटता कामा नये. एवढं मोठं झाड पंचक्रोशीत एकच होतं.

राईतलं झाड देवीचा कौल घेतल्याशिवाय तोडता येत नसे. गुरव देवीच्या पाषाणाला दोन पाकळ्या चिकटवणार, उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव देवळासमोर बसलं. नारबा गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी लगेच पडली. डावी हलेना. खोताची माणसं जयजयकार करू लागली. आवडाई मात्र पुढे जाऊन बघत राहिली. डाव्या पाकळीकडे मुंग्यांची रांग लागली होती. नारबाने ती गुळाने चिकटवली होती.

"नारबा, देवीला मुंग्या कधीपासनं लागायला लागल्या हो?"

"गप ऱ्हा गो आवडाय. कोप होईल."

"कुणाचा? देवीचा की खोताचा?"

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं. गाव तेव्हाच मोठ्याने हसलं असतं तर झाड आजही उभं असतं. पण सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसले.

आवडाई राईत जाऊन खोडाला पाठ लावून उभी राहिली. खोत स्वतः आला.

"आवडे, झाड तर जाणारच. तू नाय कापलंस तर बंदरावरचे कुऱ्हाडीवाले आणतो. ते मुळापासनं खणून काढतील. मग बघ."

ती वळली आणि खोडाला गाल लावला. असं म्हणतात, की तिने गाल काढला तेव्हा सालीची नक्षी तिच्या गालावर उमटली होती आणि ती पुढे कधी पुसली गेली नाही.

"मीच कापते," ती म्हणाली. "पण मुळाला कुणी हात लावायचा नाय. आणि कुठलं पान कुठं बसवायचं ते मी ठरवणार."

बायका तिच्या अंगणात येऊन थुंकल्या. तिच्या नवऱ्याने, भिवाने, करवत टाकून दिली. "मी नाय उभा ऱ्हाणार. आपलं पोर हाय तिथं."

"मग खड्ड्यात उभा ऱ्हा," आवडाई म्हणाली. "डोळ्यात भुसा गेला म्हणून सांग लोकांना."

तो खड्ड्यात उतरला. करवत चालली. पान सुटत गेलं, पानामागून पान. गरम सरसाने तिने ती फळ्यांवर चिकटवली आणि जोडीजोडीने खोताच्या भिंतींवर बसवली. खोत बघायला आला आणि भडकला.

"हे काय गो? चुलीतल्या राखेसारखं दिसतंय. हिला शिसव म्हणतात?"

"तेल लागल्याबिगर लाकूड रंग दाखवत नाय, धनी. तेल लग्नादिवशी."

मग ती दारोदार गेली. जिचं जिचं मूल शिसवीखाली होतं त्या प्रत्येकीच्या दारात उभी राहिली. "लग्नाला या. येताना वाटीभर खोबरेल नि मऊ फडकं आणा. बाळाला लावायचात तसं." कुणी दार आपटलं, कुणी शिव्या घातल्या. एक म्हातारी म्हणाली, "मेल्ये, झाड खाल्लंस ते खाल्लंस, आता आमच्याकडनं मालिश करून घेतेस?" पण लग्नाच्या दिवशी सगळ्या आल्या. बाळाला लावायचात तसं, या शब्दांपुढे कुणाचं काही चाललं नाही.

वऱ्हाड अंगणात बसलं होतं. खोताला वाटलं, फुकटात झिलई होते आहे, होऊ दे. बायकांनी फडकी तेलात बुडवली आणि पानांवर फिरवली. राखेतून रंग वर आला. जांभळा, तांबूस, काळा. रेघा जाग्या झाल्या, सांध्यावर येऊन मिळाल्या, आणि प्रत्येक सांध्यावर एक लहानसं तोंड उमटलं. मिटलेले डोळे, वळलेल्या मुठी. असं म्हणतात, की प्रत्येक बाई नेमकी आपल्याच मुलासमोर उभी होती आणि प्रत्येकीने त्याला ओळखलं. कुणी किंचाळलं नाही. त्या तेल लावत राहिल्या. आधी टाळू, मग कपाळ, मग गाल.

खोत ओरडला, "रंधा मारा! घासून काढा ते!" त्याच्या माणसाने एका भिंतीला रंधा मारला. भुगा पडला. खाली तेच तोंड होतं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. रेघ काय लाकडावर वरून काढलेली असते? ती आरपार असते. वरवरचं ज्यांना कळतं त्यांना एवढंही ठाऊक नव्हतं.

माजघराच्या दाराशी पानांची एक जोडी कोरडी राहिली होती. खोत तिच्यापुढे पाठ करून उभा होता.

"हिची आई कुठाय?" आवडाईने विचारलं.

कुणी पुढे झालं नाही. मग माजघरातून खोतीण आली. तिच्या हातात चांदीची वाटी होती. खोताच्या घरात मुलगी कधी जन्मलीच नाही, असं गावाला सांगितलं होतं. खोतिणीचा आवाजही दिवाणखान्यात कुणी ऐकला नव्हता.

"बाजूला व्हा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो बाजूला झाला. तिने पदराने पान पुसलं, तेल लावलं, आणि एवढीशी मुलगी वर आली. जिला जगू दिलं नाही ती. त्या शिसवीखाली खोताने स्वतःच्या हातांनी खणलं होतं, आणि तीच शिसव त्याला भिंतीला हवी होती!

दाराशी गोळा झालेलं वऱ्हाड न जेवता उठलं. बायकांनी फळ्या काढल्या, डोक्यावर घेतल्या आणि राईत नेल्या. खोतीणही गेली, तिची फळी तिने दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. ती परत त्या घरात आली नाही. खोत उरला मातीच्या भिंतींसोबत.

आवडाई सगळ्यांच्या पुढे होती. बायकांनी फळ्या खाली ठेवल्या तेव्हा ती बुंध्याला पाठ टेकून बसलेली दिसली. झऱ्यावर हात धुऊन वळून बघतात तो ती नव्हती. कापलेल्या बुंध्यातून तांबूस कोंब फुटला होता. भिवा त्याच्याशी बोलत बसायचा, असं म्हणतात.

हरणखोलात आजही कुणी भिंतीवर लाकडाचं खोटं पान चढवत नाही. माती असली तर माती दिसते. झाडासाठी देवीला कौल लावत नाहीत, सुतार खोडाला गाल लावून विचारतो, "खाली कुणाचं कोण आहे?" आणि उत्तर ठाऊक असलेल्याने गप्प राहायचं नाही, असा नियम आहे. शिमगा सरला की सगळं गाव राईतल्या देवळाच्या पडवीत जमतं आणि तिथे ठेवलेल्या त्या फळ्यांना तेल लावतं. कुठली कुणाची ते आता कुणालाच सांगता येत नाही. हाताला येईल ती घ्यायची.

गेल्या वर्षी शहरातला एक शोरूमवाला आला होता. खिशात हात घालून फळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, काय रेघ आहे, वा, बघत राहावंसं वाटतं. शेजारी आमची बनाबाई तेल लावत होती. तिने मान वर न करता एक फडकं त्याच्याकडे टाकलं.

"हात चालव, बाबा. नुसतं बघायला काय, खोतपण बघायचा."